पंच्याऐंशीवा सेकंद

पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीत ‘आजचा पाऊस’ म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर आहे. तिथे आषाढात सकाळी आठ वीसला कोसळलेली सर आजच्या खात्यात जमा होते, आठ चाळीसची उद्याच्या. पर्जन्यमापक हाताने मोजायचं असेल तर माणूस साडेआठला जातो, पाणी मापतो, वहीत आकडा लिहितो. आपोआप नोंद घेणारी पेटी ठेवली, की मात्र त्या पेटीला किती वाजले हे कुणीतरी सांगावं लागतं.

तसं पाहिलं तर दिवसाच्या बेरजेत वीस मिनिटांनी फार बिघडत नाही. पण घाटमाथ्यावर बेरजेपेक्षा वेग महत्त्वाचा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. दरड कोसळण्याचा अभ्यास करताना ‘काल किती पडला’ एवढं पुरत नाही. कोणत्या तासात किती पडला आणि त्याआधी किती तास सलग पडत होता, हे लागतं. झुकत्या पात्राचं पर्जन्यमापक ही माहिती देऊ शकतं. त्यातलं इवलंसं पात्र ठरावीक पाणी भरलं की कलंडतं, चुंबकाने एक स्विच क्षणभर जुळतो आणि मायक्रोकंट्रोलर त्या क्षणाची वेळ मेमरी कार्डावर लिहितो. वेळ चुकली तर हाती फक्त पात्र किती वेळा कलंडलं एवढंच उरतं.

मायक्रोकंट्रोलरला स्वतःचं घड्याळ नसतं का? असतं, पण ते काम करण्यासाठी असतं, वेळ सांगण्यासाठी नव्हे. आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या मुख्य चिपला ठोका देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाला तो सात मिनिटांच्या वर जातो. शिवाय वीज गेली की मोजणी शून्यापासून. मोबाइलवरून वेळ घ्यावी, तर डोंगरकपारीत नेटवर्कचा भरवसा नाही; जीपीएसवरून घ्यावी, तर त्याची विजेची भूक मोठी. म्हणून पेटीत आरटीसी (रिअल-टाइम क्लॉक) नावाची, फक्त वेळ मोजणारी वेगळी चिप बसवतात. तिच्यासोबत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. जोडीला बटन सेल. बाहेरची वीज असो वा नसो, चिप मोजत राहते.

हौशी मंडळींत दोन चिप घरोघरी आहेत: डीएस१३०७ आणि डीएस३२३१. नावातलं ‘डीएस’ डॅलस सेमिकंडक्टरचं. ती कंपनी पुढे मॅक्झिममध्ये आणि मॅक्झिम अ‍ॅनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली, पण आद्याक्षरं टिकली. दोन्ही चिप दोन तारांवरून बोलतात आणि दोन्हींच्या बाबतीत तक्रार एकच असते: जोडणी केली, प्रोग्रॅम चढवला आणि पडद्यावर भलतीच तारीख आली.

इथे बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे तारा उपसणं. माझं मत असं, की त्याआधी ती भलती तारीख नीट वाचावी. चुकीची वेळ हा कचरा नसतो. ती कुठल्या प्रकाराने चुकली आहे त्यावरून दोष कुठे आहे ते बऱ्याचदा कळतं, आणि तारा हलवल्या की हा पुरावा नाहीसा होतो.

सगळ्यात प्रसिद्ध भलती तारीख म्हणजे सन २१६५, महिना १६५, दिनांक १६५, वेळ १६५ वाजून १६५ मिनिटं ८५ सेकंद. जगभरातल्या माणसांना नेमके हेच आकडे दिसतात. असं का, हे समजायला चिप आकडे कसे ठेवते ते पाहावं लागेल. चिपमधल्या एका रजिस्टरात, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, आठ बिट. वरच्या चार बिटांत दशक, खालच्या चारांत एकक. म्हणजे ४७ हा आकडा ४ आणि ७ असा वेगवेगळा लिहिलेला असतो. घाटघरपासून हाकेच्या अंतरावर नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई आणि नाणी त्यात अंकांनी नोंदवली आहेत आणि तिथे २८९ हा आकडा दोनशेचं चिन्ह, ऐंशीचं चिन्ह आणि नवाचं चिन्ह असा सुटासुटा कोरलेला आहे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. चिपच्या पद्धतीत स्थान आहे, पण दशक-एकक फोडून ठेवण्याची सोय तीच. वाचणाऱ्याने त्यांची जुळणी करायची.

आता आठही बिटांत एकच एक भरले तर? दशकाच्या जागी १५, एककाच्या जागीही १५. दशक दहापट करून एकक मिळवा: १६५. सेकंदाच्या रजिस्टरात सर्वांत वरचा बिट वेगळ्या कामासाठी राखीव असल्याने वाचताना तो झाकून टाकतात. मग दशक उरतं ७, एकक १५, आणि बेरीज ८५. वर्ष दोन हजारात मिळवतात, म्हणून २१६५. थोडक्यात, मायक्रोकंट्रोलरच्या हाती सगळे एक आले. आणि सगळे एक येण्याचा अर्थ बहुतेक वेळा, समोरून कुणी उत्तरच दिलेलं नाही. तार मोकळी असताना ती ‘एक’ पातळीवर असते. शिवाय आर्डुइनोच्या लायब्ररीत काहीच मिळालं नाही तर ‘उणे एक’ हा आकडा परत येतो, आणि आठ बिटांत उणे एक लिहिला की पुन्हा सगळे एकच. तेव्हा पंच्याऐंशीवा सेकंद दिसला तर वेळ लावण्याच्या कोडमध्ये डोकं घालू नये. संभाषण सुरूच झालेलं नाही.

याच्याशी गोंधळ होईल असा दुसरा प्रकार आहे. सेकंद ८, ९ आणि मग एकदम १६. असेच चढत चढत ८९ पर्यंत जातात आणि शून्यावर येतात. इथे चिप व्यवस्थित बोलते आहे, फक्त वाचणाऱ्याने दशक-एकक न सोडवता आठ बिटांचा सरळ आकडा घेतला. ८५ इथेही दिसेल, पण सरकत्या वाटेवर. थांबलेला ८५ आणि सरकणारा ८५ यांत तारांचा दोष आणि कोडचा दोष एवढा फरक आहे.

तिसरा प्रकार: १ जानेवारी २००० आणि सेकंद जागचे हलत नाहीत. म्हणजे चिप बोलते, पण मोजत नाही. डीएस१३०७ मध्ये वर सांगितलेला राखीव बिट याचसाठी असतो. तो एक असेल तर स्फटिकाचा कंप बंद राहतो. एकदा वेळ लावली, त्या बिटात शून्य लिहिलं, की चिप चालू लागते. आणि चौथा, फसवा प्रकार: वेळ चालते, पण वीज जाऊन आली की दर वेळी त्याच एका जुन्या क्षणाला परत जाते. तो क्षण म्हणजे प्रोग्रॅम संगणकावर तयार झाला तेव्हाची वेळ. नमुना प्रोग्रॅममधली ‘वेळ लाव’ ही ओळ तशीच राहिली की पेटी प्रत्येक वेळी जागी झाल्यावर बरोबर चाललेलं घड्याळ मागे नेते. यात ना चिपचा दोष ना सेलचा, तरी बिचारा सेलच बदलला जातो.

आता तारांकडे. या दोन तारांच्या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. फिलिप्सने १९८२ मध्ये ती आणली, ती एकाच उपकरणाच्या आतल्या चिप एकमेकींशी बोलाव्यात म्हणून. एका तारेवर ठोका, दुसरीवर माहिती. एसटीत कंडक्टरची घंटीची दोरी असते तशी ही तार. ती कुणीही खाली ओढू शकतो, वर ढकलू मात्र कुणीच शकत नाही. सोडली की ती आपली आपण वर जाते. इथे वर नेण्याचं काम एक रेझिस्टर करतो. तो नसेल तर ओढलेली तार वर येत नाही किंवा इतकी सावकाश येते की पुढचा ठोका पडून जातो. मायक्रोकंट्रोलरच्या आत असे रेझिस्टर असतात, पण वीस ते पन्नास हजार ओहमचे, म्हणजे फार दुबळे. बाहेर साधारण ४.७ हजार ओहमचा लावतात. तयार मोड्यूलवर तो आधीच बसवलेला असतो, आणि त्यातूनच उलटी अडचण येते. तीन मोड्यूल एकाच तारेवर आले की तीन रेझिस्टर समांतर होऊन जेमतेम १.६ हजार ओहम उरतात. पाच व्होल्टला तार खाली ओढायची तर तीन मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह ओढावा लागतो, आणि चिपकडून मानकाची अपेक्षा तीन मिलिअँपिअरपर्यंतचीच.

तपासणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. मल्टिमीटर घ्या, दोन्ही तारा मोकळ्या असताना जमिनीच्या तारेशी व्होल्टेज पाहा. दोन्हीकडे पुरवठ्याइतकं दिसलं पाहिजे. एखादी शून्याजवळ असेल तर कुणीतरी ती धरून बसलंय; मधेच लोंबकळत असेल तर रेझिस्टर नाही किंवा जमिनीची तार जोडायची राहिली.

यानंतर पत्त्यांची हजेरी घ्यायची. प्रत्येक चिपला सात बिटांचा पत्ता असतो. मायक्रोकंट्रोलर एकेक पत्ता पुकारतो आणि नवव्या ठोक्याला जी चिप तार खाली ओढते ती हजर. डीएस१३०७ आणि डीएस३२३१ दोघांचाही पत्ता १०४. डेटाशीटमध्ये मात्र कधी कधी वाचन-लेखनाचा बिट जोडून तोच २०८ असा दिसतो. तो आकडा जसाच्या तसा कोडमध्ये गेला की आपण भलत्याच घराचं दार वाजवत राहतो.

हजेरीतला खरा मासा वेगळाच आहे. डीएस३२३१ च्या स्वस्त मोड्यूलवर घड्याळाशेजारी एक छोटी मेमरी चिपही असते. तिचा पत्ता बहुधा ८७, आणि दोघी त्याच दोन तारांवर बसलेल्या. हजेरीत ८७ आला आणि १०४ नाही आला, तर तारा, रेझिस्टर, जमीन, पुरवठा सगळं बरोबर आहे, दोष फक्त घड्याळाच्या चिपमध्ये. उलट १०४ हजर आहे पण वेळ निव्वळ बरळ, अशा वेळी पाहावं की पेटीत हालचाल मोजणारी एमपीयू६०५० ही चिप तर नाही ना. दरडीच्या जागी जमिनीचा कल पाहायला ती कुणी बसवली असेल तर नवल नाही, आणि तिचा मूळ पत्ताही १०४ च. तिची एक पिन पुरवठ्याला जोडली की ती १०५ वर जाते आणि तंटा मिटतो.

सर्वांत चक्रावणारा दोष मात्र सेलचा आहे. डीएस१३०७ ला साडेचार ते साडेपाच व्होल्ट लागतात. पुरवठा सेलच्या सव्वापटीहून खाली आला, की तिला वाटतं वीज गेली. मग ती बोलणं बंद करते आणि गपचूप मोजत बसते. तीन व्होल्टच्या सेलला ही सीमा ३.७५ व्होल्टवर येते. आता ही चिप कुणी ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडली तर? सेल उतरलेला असताना चिप कदाचित बोलेल, आणि नवा कोरा सेल घातला की गप्प होईल. माणूस नव्या सेलला शिव्या देतो, दुकानात जाऊन आणखी नवा आणतो, आणि चिप आणखी ठामपणे गप्प राहते. पाच व्होल्टवरही सुटका आहेच असं नाही. चार्ज होणारा लिथियम सेल पुरा भरला की ४.२ व्होल्ट देतो, त्याची सव्वापट ५.२५. सेल अजिबात लावायचा नसेल तर ती पिन मोकळी न सोडता जमिनीला जोडायची, नाहीतर तरंगत्या पिनवर चिप काय समजेल याचा नेम नाही. डीएस३२३१ २.३ व्होल्टपासून चालते, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या बोर्डासाठी तीच घ्यावी. तिच्या स्वस्त मोड्यूलची खोड निराळी: बऱ्याच मोड्यूलवर सेल चार्ज करणारं एक डायोड-रेझिस्टरचं सर्किट असतं आणि सोबत येतो चार्ज न होणारा सीआर२०३२. पाच व्होल्टवर ते मोड्यूल चालवायचं तर तो रेझिस्टर आधी काढून टाकावा.

घाटघरच्या पावसाळ्यात यापुढचं प्रकरण सुरू होतं. सौर पॅनेलला दिवसेंदिवस ऊन नाही, बॅटरी खाली येते, मायक्रोकंट्रोलर मधेच दम टाकतो आणि पुन्हा जागा होतो. त्या क्षणी घड्याळाची चिप एखादा बिट सांगत असेल आणि तो बिट शून्य असेल, तर तिने माहितीची तार खाली ओढलेली असते. पुढचा ठोका आला की ती सोडणार. ठोका देणारा तर सगळं विसरून नव्याने उठलाय. त्याला दिसतं की तार कुणीतरी धरून ठेवली आहे, म्हणून तो बोलायलाच धजत नाही. दोघंही एकमेकांची वाट पाहतात. बाहेरची वीज बंद-चालू करूनही गाठ सुटेलच असं नाही, कारण घड्याळाला सेल आहे. डीएस३२३१ आपलं अर्धं वाक्य सेलवर धरून राहू शकते. उपाय साधा आहे आणि डेटाशीटमध्येच दिलेला आहे: संभाषण सुरू करण्याआधी, माहितीची तार वर येईपर्यंत ठोक्याची तार प्रोग्रॅममधूनच खाली-वर करायची. नऊ ठोके पुरतात. हा तुकडा प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला असावा असा माझा आग्रह आहे. सोबत ठरावीक वेळ प्रतिसाद नाही तर पुढे जायचं, अशी मर्यादाही हवी. नाहीतर पेटी त्या क्षणी गोठते आणि पुढचा सगळा पाऊस बिननोंदीचा जातो.

ओलही घड्याळावर थेट हल्ला करते. डीएस१३०७ चा स्फटिक चिपच्या बाहेर असतो आणि त्याच्यातून वाहणारी वीज इतकी नगण्य असते, की दोन पिनांमध्ये साचलेली दमट धूळ किंवा सोल्डरचा न पुसलेला राळ एवढ्यानेही घड्याळ रेंगाळतं किंवा थांबतं. ऑसिलोस्कोपची सुई टेकवून ‘कंप आहे का’ पाहायला गेलात तर त्या सुईनेच कंप बदलतो. त्यापेक्षा चिपच्या वेगळ्या पिनवर दर सेकंदाला एक ठोका काढून तो पाहावा. डीएस३२३१ चा स्फटिक आवरणाच्या आत बंद असतो आणि तापमान मोजून ती आपला वेग स्वतः सुधारते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला मिनिटभर. साध्या स्फटिकाची वीसपर्यंत चूक धरली तर महिन्यालाच जवळपास मिनिट जातं. घाटमाथ्यावर पेटी वर्षभर ठेवायची असेल तर दोघींमधली निवड अवघड नाही. आणि दोन तारांची पद्धत एका डब्यापुरतीच आहे हे लक्षात ठेवून घड्याळ मायक्रोकंट्रोलरच्या शेजारीच बसवावं. अंगणातल्या खांबापर्यंत लांब वायर न्यायचीच तर ती पर्जन्यमापकाच्या स्विचची असू द्यावी.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पलीकडे खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथे प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र घड्याळावर सोडून चालत नाही. मध्यवर्ती इमारतीतून संदर्भ-वारंवारता ऑप्टिकल फायबरने सगळीकडे पोचवली जाते. त्या दुर्बिणीने टिपलेल्या पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांच्या आधारे भारतीय गटाने जून २०२३ मध्ये, इतर देशांच्या गटांसोबत, अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. पावसाच्या पेटीला सेकंदाची अचूकताही पुरते, तिथे मायक्रोसेकंदाचा हिशेब चालतो. गरजेइतकंच घड्याळ घ्यावं, पण ते कधी चुकलं हे कळायची सोय दोन्हीकडे हवी.

डीएस३२३१ मध्ये ती सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. तिच्या स्थितीदर्शक रजिस्टरात एक बिट असा आहे, की स्फटिकाचा कंप कोणत्याही कारणाने थांबला तर तो एक होतो आणि आपण मुद्दाम शून्य करेपर्यंत एकच राहतो. सेल उतरून घड्याळ रात्रभर बंद पडलं, सकाळी वीज आल्यावर पुन्हा चालू लागलं, तर वेळ दिसायला शहाणी दिसेल. तो बिट मात्र खरं सांगेल. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि पावसाच्या आकड्याशेजारी या बिटासाठी आणखी एक रकाना ठेवावा. वाचताना सातही रजिस्टरं एका दमात वाचावीत. एकेक करून वाचली तर आठ एकोणतीसच्या शेवटच्या सेकंदाला सेकंद जुना आणि मिनिट नवं येऊन नोंद मिनिटभर पुढे जाते, आणि तीही नेमकी दिवस बदलताना. घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावं. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी वेळेचा घोळ नाही आणि पेटी उघडणाऱ्याला मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहता येतं. तसं ताडून दोन्ही वेळा वहीत लिहिल्या, तर पुढे फरक सापडला तरी मधल्या नोंदी त्या प्रमाणात सरकवून वापरता येतात. त्या रकान्यात एक असलेल्या नोंदींना मात्र वेळ लावायची नाही, त्यांचा पाऊस फक्त बेरजेत धरायचा.